स्क्रीन बंद, मशीन चालू

“नीलू, हे पुन्हा तसंच करून राहिलं गं.”

ना हॅलो, ना कशी आहेस. फोन उचलला की थेट हेच. ‘हे’ म्हणजे काय ते सांगायचं नाही, ‘तसंच’ म्हणजे कसं तेही मीच ओळखायचं. तुमच्या चेरीतालच्या घरात कॉम्प्युटर आला तेव्हापासून, ताई, मी हे वाक्य पोळ्या लाटताना ऐकलं, खमरियाच्या ऑफिसात साहेबांसमोर उभी असताना ऐकलं, लेकीच्या बाळंतपणात दवाखान्याच्या जिन्यात ऐकलं. शेवटी शेवटी तर फोनवर तुमचं नाव दिसलं की उचलायच्या आधीच माझ्या तोंडून निघायचं, “आता काय झालं बाप्पा!”

आता फोन वाजतो, पण लोक हॅलो म्हणतात. कशी आहेस विचारतात. धीर धर म्हणतात. मी हो हो म्हणते अन् ठेवून देते. थकून गेले आहे मी, ताई. रडण्यानं नाही, रडणं तर नीट झालंच नाही. हे जे सारखं कुणाशी तरी बोलावं लागून राहिलं आहे, त्यानं थकले.

तुम्ही गेल्यावर भेटायला येणाऱ्या बायकांनी एक गोष्ट आपसात ठरवूनच टाकली होती. “अगं, ताईंना काय येत नव्हतं? सगळं येत होतं. तुझा आवाज ऐकायला मिळावा म्हणून फोन करायच्या त्या.” असं म्हणायच्या अन् माझ्या पाठीवरून हात फिरवायच्या. पहिलीचं ऐकून घेतलं, दुसरीचं ऐकून घेतलं. मग मला राहवेना. मी म्हटलं, नाही हो, त्यांना खरंच येत नव्हतं. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. पण खोटं कशाला बोलू? मी तुमची धाकटी जाऊ. अर्धा जन्म तुमच्यासोबत एका घरात काढला, बाकीचा एका गावात. मला नाही ठाऊक तर कुणाला? तुम्हाला गप्पा मारायच्या असल्या की तुम्ही सरळ म्हणायच्या, “ये, आलेपाक केलाय.” त्याला तुम्हाला कॉम्प्युटरचं निमित्त लागत नव्हतं. कॉम्प्युटरसाठी फोन आला म्हणजे तो खरोखर अडलेला असायचा अन् तुम्ही खरोखर चिडलेल्या असायच्या.

अडायचं काय, तर काहीच नाही. तेच तर माझं डोकं फिरायचं. एकदा तुम्ही म्हणाल्या, “मी एक अक्षर लिहिते अन् हे पुढचं एक खाऊन राहिलं.” मी खमरियाहून स्कूटर काढून आले. इन्सर्टचं बटण दाबलं गेलं होतं. ते परत एकदा दाबलं अन् झालं. तुम्ही म्हणाल्या, “एवढंच?” मी म्हटलं, एवढंच. “मग फोनवर सांगायला काय झालं होतं?” फोनवर तीनदा सांगितलं होतं हो! पण तुम्ही इन्सर्ट शोधायला गेल्या की वाटेत दुसरीच चार बटणं दाबायच्या. आकडे उमटत नाहीत म्हणून तुम्ही एका बारशाच्या आमंत्रणात तारीख अक्षरात लिहिली अन् वर मला म्हणाल्या, तेच भारदस्त दिसते. नमलॉक बंद होता. माऊस सरकत नाही म्हणून तुम्ही त्याला ओल्या फडक्यानं पुसलं. टेबलावर काच होती, तिच्यावर तो चालत नव्हता. खाली एक जुनी वही ठेवली तर धावायला लागला.

अन् ते आडवं प्रकरण! मॉनिटरवरचं सगळं आडवं झालं होतं. शीर्षक डाव्या भिंतीकडे, शेवटची ओळ उजव्या. त्या वेळी मात्र तुम्ही कॉम्प्युटरसाठी फोन केलाच नाही. मान वाकडी करून अख्खी पत्रिका टाइप केली अन् मग मला फोन केला, “नीलू, तुझ्याकडे बाम आहे का गं?” मी बाम घेऊन आले अन् दारातच हसू आवरेना. कंट्रोल, आल्ट अन् वरचा बाण, तिन्ही एकदम दाबले. स्क्रीन सरळ झाली. तुमची मान दोन दिवसांनी झाली.

मी दरवेळी एकच सांगायची. रीस्टार्ट करा. आधी रीस्टार्ट, मग मला फोन. दहातल्या आठ वेळा त्यानंच भागतं. तुम्ही दरवेळी हो म्हणायच्या अन् कधीच करायच्या नाही. कारण तुमचा तो कॉम्प्युटर बंदच होत नसे.

आपलं खरं भांडण तेच. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावायच्या आधी तुम्ही मॉनिटरचं गोल बटण दाबायच्या. स्क्रीन काळी व्हायची. तुम्ही त्याच्यावर तुमचं विणलेलं कव्हर घालायच्या अन् म्हणायच्या, झोपवला. मी ओरडायची, “ताई, तो झोपला नाही, तुम्ही नुसते त्याचे डोळे झाकले! खाली मशीन चालूच आहे, ऐका, घरघर येऊन राहिली.” तुम्ही म्हणायच्या, “येऊ दे. घरघर येते म्हणजे आहे.”

तुमचीही बाजू होती, नाही म्हणत नाही. अगदी सुरुवातीला कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका तुम्ही दुपारभर बसून केली होती. मग माझं ऐकून मशीन नीट बंद करायला गेल्या. त्यानं इंग्रजीत काहीतरी विचारलं. तुम्ही नको म्हणून टाकलं. तुम्हाला वाटलं, आणखी काही तरी गळ्यात मारून राहिलं आहे, जसे दारावर येणारे विकणारे. ते बिचारं विचारत होतं, सेव्ह करू का? पत्रिका गेली. तेव्हापासून तुमचा नियम ठरला. “ते विचारते काहीतरी, अन् आपण उत्तर दिलं की सगळं जाते. आपण त्याला विचारूच द्यायचं नाही.” मी किती समजावलं. नाव द्या, तारीख घाला, सेव्ह करा, मग बंद करा. तुम्ही नावं दिली, पण कसली? ‘नवीन’. ‘नवीन १’. ‘आत्ताचं’. ‘शेवटचं’. ‘अगदी शेवटचं’. अन् मग फोन, “नीलू, ते पेंडसेंकडचं कुठं गेलं गं?”

मी चिडायची. बोलायची पण. “ताई, मला पण घर आहे, नोकरी आहे.” तुम्हाला राग यायचा नाही. तुम्ही नुसतं “हो, ते तर आहेच” म्हणायच्या अन् मी आले की चहा टाकायच्या.

एक गोष्ट तुम्ही कधी काढली नाही. मीही काढली नाही. आज काढते.

ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा मी अकाउंट्सला होते. हुकूम निघाला की शिकून घ्या, नाहीतर दुसरीकडे बदली. नेपियर टाउनमध्ये संध्याकाळचा क्लास होता. मी घरी येऊन सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, संध्याकाळी सुनेनं बाहेर जायचं, अन् चूल कोण बघणार? मनातून मला बरंच वाटलं, कारण मला त्या डब्याची भीतीच वाटत होती. तुम्ही भाजी चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “जाऊ द्या तिला. संध्याकाळचं मी बघते.” तुमच्या त्या आवाजापुढं सासूबाई कधीच बोलत नसत.

क्लास संपेपर्यंत संध्याकाळचा सगळा स्वयंपाक तुम्ही केला. माझ्या लेकीला भरवलं, तुमच्या अभिजितचा अभ्यास घेतला, सासूबाईंचे पाय चेपले. मी आले की माझं ताट झाकून ठेवलेलं असायचं. तुम्ही विचारायच्या, “आज काय शिकली?” मी सांगायची, आज फोल्डर शिकले. तुम्ही म्हणायच्या, “असं होय.” एका शब्दाचा अर्थ कळत नव्हता तुम्हाला, पण रोज विचारायच्या. ताई, मला जे काही येतं ना, ते तुम्ही पोळ्या केल्या म्हणून येतं. अन् मी तुम्हाला म्हणायची, मला पण घर आहे. तुम्ही एकदाही म्हणाल्या नाही की तुझं घर त्या वेळी कोण बघत होतं गं? तुमच्या जागी मी असते तर नक्की म्हटलं असतं.

दादा, माझे थोरले दीर, गेल्यावर तुम्ही पत्रिकांचं काम सुरू केलं. पेन्शन होती, पण तुम्हाला रिकामं बसणं माहीतच नव्हतं. आपलं गाव हिंदी मुलखातलं, छापखान्यांत सगळी हिंदी टाइप करणारी पोरं. त्यांनी मराठी पत्रिका केली की ‘बाळ’चा ‘बाल’ अन् ‘सोहळा’चा ‘सोहला’. लोक हैराण. तुमच्याकडे यायला लागले. बोलताना तुम्ही आमच्यासारख्याच, “काहून आली, काय करून राहिली.” पण पत्रिका लिहायला बसल्या की ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ अशी भाषा झरझर यायची. आजोबांचं नाव आधी की काकांचं, गेलेल्यांचं नाव कुठं घालायचं, कुठल्या आत्याला वगळलं तर लग्नात रुसवा होईल, सगळं तुम्ही अर्ध्या तासात निस्तरायच्या. भांडायला आलेले लोक चहा पिऊन एका गाडीवर बसून जायचे.

त्या कॉम्प्युटरची तुम्ही दसऱ्याला पूजा करायच्या. पाटीवरच्या सरस्वतीशेजारी त्याला बसवायच्या. मॉनिटरच्या कपाळाला हळदकुंकू, झेंडूचं फूल, कीबोर्डवर आपट्याची पानं. इथवर ठीक. पण अक्षता! मूठभर अक्षता तुम्ही त्या कीबोर्डवर सोडायच्या, अन् दरवर्षी एखादा दाणा स्पेसबारच्या खाली जाऊन बसायचा. उपाय काय, तर कीबोर्ड उलटा करा अन् पाठीवर दोन चापट्या मारा. लहान लेकरालाही येईल. पण तुम्ही करू द्यायच्या नाही. “पूजा केलेली वस्तू उलटी करते काय?” मी म्हणायची, उत्तरपूजा झाली ना सकाळी? आता ती वस्तूच आहे. तुम्ही म्हणायच्या, “वा! काम रोज करायचं अन् देव एकच दिवस?” मग मी केसांतली पिन काढून वरूनच दाणा टोकरत बसायची. दरवर्षी. दरवर्षी तुम्ही शेजारी उभ्या, “हळू गं, लागेल त्याला.”

यंदाही दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला. “नीलू, हे पुन्हा तसंच करून राहिलं गं.” मी ओळखलं. दाणा. मी म्हटलं, रविवारी पिन घेऊन येते, तोवर हात लावू नका. तुम्ही म्हणाल्या, “वंदनाच्या मृण्मयीची पत्रिका आहे, थोडीच राहिली.” मी म्हटलं, रविवारी होईल. तुम्ही म्हणाल्या, “चलो, ठीक आहे.”

रविवार यायच्या आधीच तुम्ही दवाखान्यात होत्या. मी आधी यायला हवं होतं वगैरे मी काही म्हणणार नाही. हृदयाचं दुखणं मी पिनेनं काढणार नव्हते. दवाखान्यात नेताना तुम्ही अभिजितला, जो तेव्हा फक्त फोनवर होता, एवढंच बजावलं, की माझा कॉम्प्युटर कुणी बंद करायचा नाही, पत्रिका तशीच आहे. पोरगं बंगळुरूत विमानाचं तिकीट शोधून राहिलं होतं, त्याला वाटलं आई बरळते आहे. तो पोचला अन् तुम्ही गेल्या.

तुम्हाला घरातून नेल्यावर मी त्या खोलीत गेले. मॉनिटरवर कव्हर होतं. खालून घरघर येत होती. मी कव्हर काढलं, बटण दाबलं. मृण्मयीची पत्रिका समोर उघडी. वर गजानन प्रसन्न, मग दोन्ही घरची माणसं ओळीनं, अन् शेवटचा परिच्छेद सगळा एकात एक चिकटलेला. ‘तरीआपणसहकुटुंबसहपरिवारयेऊन’. रविवारची वाट बघायला सांगितलं होतं, तर तुम्ही तशाच पुढं लिहीत बसल्या होत्या. वर नाव काहीच नाही. सेव्ह केलेलं नाही. आपोआप सेव्ह व्हायची सोय मी करून दिली होती, ती तुम्हीच मला काढायला लावली होती. ते मधेच गोल फिरते, जीव घाबरते, म्हणून.

एक बटण दाबायचं होतं. मी हात पुढं केला अन् मागं घेतला. सुतक.

मला त्याचं फारसं काही नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पण तुमच्याकडे सुतकात कुणाच्या लग्नाच्या कागदाला हात लागलेला मी कधी पाहिला नाही. सासूबाई गेल्या तेव्हा तुम्ही तीन पत्रिका तशाच परत पाठवल्या होत्या. अन् मी तर सख्खी जाऊ, सुतक माझ्यावरही तेवढंच. दुसऱ्या दिवशी मृण्मयीची आई वंदना भेटायला आली. खूप रडली. जाताना दारात घुटमळली. मीच म्हटलं, पत्रिका आहे, सुरक्षित आहे. ती म्हणाली, “घाई नाही हो. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त आहे. पण आमच्या सासूबाई... सुतक फिटेपर्यंत नका हात लावू. अन् दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायची नाही मला. माझ्या पोरीच्या बारशाचं आमंत्रण ताईंनी लिहिलं होतं. लग्नाचंही त्यांचंच पाहिजे.” मी म्हटलं, मिळेल. म्हणून बसले, अन् मग माझी झोप उडाली.

अभिजितनं डोक्याला हात लावला. “काकू, बस कंट्रोल एस दबाना है! एक सेकंड का काम आहे.” मी म्हटलं, नाही. “फोटो खींच लेता हूँ मोबाइल से.” मी म्हटलं, तू तर मुलगा, तू आईचे विधी करून राहिला अन् तुझ्या मोबाइलमध्ये लग्नपत्रिका? त्याला मराठी कळतं सगळं, पण भांडतो हिंदीतच. “काकू, आप तो पढ़ी-लिखी हैं!” शेवटी गुरुजींना विचारलं. म्हणाले, लेखनाला स्पर्श नको, यंत्र आपलं चालू आहे तर चालू राहू द्या. म्हणजे फिरून तुमचंच. बंद करू नका.

मग काय, मी मुक्कामालाच राहिले. लोक म्हणायचे, बघा जाऊ कशी जीव लावून राहिली, ताईंची खोली सोडत नाही. मी यूपीएसजवळ बसून होते हो! लाइट गेली की तेच एक आधाराला, अन् त्याची बॅटरी म्हातारी. तुमच्यासाठी रडायला बसावं तर लक्ष सगळं त्या हिरव्या दिव्याकडे. मला तुमचा इतका राग आला होता त्या दिवसांत. गेल्या तर गेल्या, पण जाताना मला कामाला लावून गेल्या.

दहाव्याला सगळे पुरुष ग्वारीघाटावर गेले होते. मी घरी एकटी, तांदूळ निवडत होते. लाइट गेली. यूपीएस ओरडायला लागला. मी धावले. मॉनिटर, प्रिंटर, तुमचा टेबलाचा दिवा, कुणाच्या तरी फोनचा चार्जर, सगळं त्याच एका बिचाऱ्यावर. तो असा ओरडायला लागला म्हणजे पाच मिनिटांचा पाहुणा. माझं बोट कंट्रोलवर जाऊन टेकलं. खरं सांगते, दाबणारच होते. तुम्ही काय वरून खाली येणार होत्या थोड्या? अन् नेमकं तेव्हाच तुमचं ते मॉनिटरचं गोल बटण दिसलं. तुमच्या बोटानं त्याच्यावरचा रंग गेला आहे.

मी ते दाबलं. स्क्रीन काळी झाली. प्रिंटरची पिन उपटली, दिव्याची उपटली, चार्जर काढला. यूपीएसवर आता फक्त मशीन. लेखनाला स्पर्श नाही, काही नाही. तो ओरडत राहिला अन् खालून घरघर येत राहिली, अन् मी तुमच्या खुर्चीत बसून ती ऐकत राहिले. किती वेळ गेला देवाला ठाऊक. घाटावरून माणसं परत आली, अभिजित ओल्या कपड्यांनी दारात उभा राहिला, अन् लाइट आली. मी बटण दाबलं. पत्रिका जागेवर होती.

अभिजित म्हणाला, “काकू, आप रो रही हैं?” मी म्हटलं, तुझी आई बरोबर होती रे. तो घाबरला. म्हणाला, “किस बारे में?” मी म्हटलं, स्क्रीन बंद, मशीन चालू. इतकी वर्षं मी तुम्हाला मूर्खात काढलं ज्या एका सवयीवरून, तिच्यावरच तुमची शेवटची पत्रिका तगली. मान्य आहे, ताई. एवढं एक मान्य. इन्सर्टच्या बाबतीत मात्र मीच बरोबर होते.

काल तेरावं झालं. आज सकाळी न्हाऊन, देवाला दिवा लावून मी त्या खुर्चीत बसले. कीबोर्ड हातात घेतला. आता कोण अडवणार होतं? उलटा केला असता अन् दोन चापट्या मारल्या असत्या तर झालं होतं. मी केसांतली पिन काढली. स्पेसबार एका बाजूनं जरासा उचलला अन् वरूनच टोकरत बसले. चष्मा सारखा भरून येत होता, त्यामुळे आणखीच वेळ लागला. निघाला एकदाचा. अर्धा तांदूळ, कुंकवानं लाल झालेला. तो मी देवघरात नेऊन ठेवला.

मग तुमचा शेवटचा परिच्छेद सोडवला. एकेक शब्द वेगळा केला. तुमचं एक अक्षर बदललं नाही, नुसत्या मोकळ्या जागा घातल्या. सेव्ह म्हटलं तर त्यानं नाव विचारलं. मी आयुष्यभर तुम्हाला काय शिकवलं? नीट नाव द्या, तारीख घाला. माझी बोटं आपोआप तुमच्यासारखी ‘शेवटचं’ लिहायला निघाली. ‘शे’ लिहिलं अन् पुढं लिहवेना. पुसलं. ‘नवीन’ लिहिलं. ते म्हणालं, या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? बघा! हो म्हटलं असतं तर तुमची कुठली तरी जुनी पत्रिका उडाली असती. तुमचं काही चुकत नव्हतं, ताई, हे विचारतंच असं की माणूस घाबरावा. मी नको म्हटलं अन् पुढचा आकडा घातला.

वंदना पेनड्राइव्ह घेऊन गेली. वाचताना दारातच रडली अन् मग म्हणाली, आत्याचं नाव ताईंनी बरोबर जागी घातलं. अभिजित उद्या जातो आहे. घराचा मेन स्विच बंद करायचा आहे. तो म्हणाला, “काकू, मम्मी का कंप्यूटर तुम्ही घेऊन जा, नाहीतर मी देऊन टाकतो कुणाला.” पहिल्यांदाच इतकं मराठी बोलला. मी म्हटलं, नेते. पण आधी बंद करावा लागेल.

सगळं मिटवून मी शट डाउनवर बाण नेला. किती वर्षांचं साचलेलं होतं ते बाहेर आलं. अपडेट चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका, असं लिहून ते गोल गोल फिरत बसलं. मी पण बसले. चहा झाला, अभिजितची बॅग भरून झाली. मग स्क्रीन काळी झाली अन् मी तुमचं गोल बटण दाबलेलं नव्हतं. खालची घरघर हळू झाली अन् थांबली. ती खोली इतकी गप्प मी कधी ऐकली नव्हती. बाहेर भाजीवाला ओरडत होता, तोही आत येत होता.

विणलेलं कव्हर घातलं. नमस्कार केला.

घ्या. केलं एकदाचं बंद, नीट, माझ्या पद्धतीनं. जिंकले मी. पण मला नव्हतं जिंकायचं हो, मला नुसतं भांडायचं होतं. करा ना फोन. स्वयंपाकात असेन, तरी पिठाच्या हातानं उचलीन. हॅलो म्हणू नका, कशी आहेस विचारू नका. नुसतं विचारा, नीलू, काहून बंद केलं गं?